सोमवारचे फोटो

या सुट्टीत मावशींना मिळण्यासारखं होतं ते असं. पहिलं, दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार, म्हणजे कोणाच्या दारात उभं राहून "ताई, तेवढं या महिन्याचं..." असं अर्धंच वाक्य बोलायला नको. दुसरं, आठवड्याची हक्काची, पगारी सुट्टी. तिसरं, हाताखाली एक मदतनीस, म्हणजे लंगोट धुण्यातून कायमची सुटका. चौथं, दारावर पाटी: 'पाळणाघर प्रमुख'. आणि पाचवं, जे मावशी कोणाजवळ बोलल्या नव्हत्या पण त्यांच्या यजमानांना पाठ होतं: जाऊबाईंचं तोंड बंद. जाऊबाई गेली अकरा वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला मावशींची ओळख "ही आमची धाकटी, ही घरीच असते" अशी करून देत आल्या होत्या. सहा-सहा परकी पोरं अंगाखांद्यावर घेऊन घरीच असणं म्हणजे काय, हे जाऊबाईंना सुनावायची सोय नव्हती. त्या मोठ्या.

घालवण्यासारखं होतं ते फक्त सहा आठवडे. तेही दरवर्षी जातातच.

ही प्रमुखाची जागा मॅडमच्या हातात होती. मॅडम एका मोठ्या इस्पितळाच्या कार्यालयात प्रशासन बघायच्या. इस्पितळात कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर निघणार होतं, शाळा उघडल्या की लगेच. मॅडमची सात वर्षांची मुलगी, घरातलं नाव चिमणी, गेल्या सुट्टीपासून मावशींकडे येत होती. ती इतकी कमी बोलायची की चिमणी हे नाव कोणी ठेवलं असेल त्याला चिमण्यांबद्दल फारशी माहिती नसावी.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी मॅडम चिमणीबरोबर एक कागद घेऊन आल्या.

"मावशी, माझ्या मनात तुमचंच नाव आहे. पण वरती मला कागद दाखवावे लागतात. नुसतं 'बाई चांगल्या आहेत' म्हणून चालत नाही."

"मी कुठे म्हणते तसं म्हणा," मावशी म्हणाल्या. मनात मात्र त्यांना तेच पुरेसं वाटत होतं.

कागदावर वेळापत्रक होतं. सोमवारी चित्रकला, मंगळवारी कागदकाम, बुधवारी वाचन, गुरुवारी बागकाम, शुक्रवारी विज्ञान. रोज चारच्या आत सगळ्या पालकांच्या ग्रुपवर एक फोटो आणि खाली एक ओळ. सहा आठवड्यांचे तीस फोटो झाले की मॅडम ते फाइलला लावणार होत्या.

"एवढंच ना," मावशी म्हणाल्या, आणि कागद कपाटाला चिकटवला.

घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. मागे फरशीचं अंगण, एका कोपऱ्यात नळ, समोरच्या टोकाला पडकी भिंत. मावशींचे यजमान प्लंबर. अंगणाच्या कडेला त्यांच्या उरल्यासुरल्या सामानाची पेटी कायम पडलेली. मुलं सहा: चिमणी, वकील, म्हणजे नऊ वर्षांचा मुलगा जो पाणी प्यायलाही आधी कारण मागायचा, औषधांच्या दुकानवाल्याचे जुळे, ज्यांना यजमान डावा आणि उजवा म्हणत आणि तेही चुकीचं, चष्मेवाली मास्तरीण, वय वर्षं आठ, स्वभाव वर्षं साठ, आणि ढब्बू, तीन वर्षांचा, ज्याला हाताला लागेल ते आधी चाखून बघायची शिस्त होती.

पहिला आठवडा मावशींनी वेळापत्रक अगदी प्रामाणिकपणे पाळलं. त्याचं फळ असं: सोमवारी चित्रं झाली, पण सहाही जणांनी एका वेळी कागदाकडे बघावं यात पाऊण तास गेला. मंगळवारी दाराशी उजेड चांगला पडतो म्हणून सगळ्यांना तिथे बसवलं, तेवढ्यात ढब्बूनं अर्धी डबी गोंद खाल्ला. फोटोत तो फार शांत दिसतो. त्याचे ओठ चिकटले होते.

बुधवारी वाचन. सगळ्यांच्या माना एका पुस्तकात, मागे पडदा, पडद्यामागे वाळत घातलेले कपडे दिसू नयेत म्हणून एक चादर. डावा हसला की उजवा हसायचा, मास्तरीण दोघांना गप्प करायची आणि त्यात तिचंच तोंड उघडं यायचं. शेवटी एकदाचा मनासारखा फोटो आला. मावशींनी तो डोळ्यांजवळ नेला, कौतुकानं बघितला आणि मुलं मोजली. फोटोत पाच होती.

चिमणी न्हाणीघरात होती. कडी अडकली होती. तिनं हाक मारली नव्हती, कारण हाक मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. बादली पालथी घालून त्यावर ती वीस मिनिटं बसली होती, भिंतीकडे तोंड करून. मावशींनी दार उघडलं तेव्हा म्हणाली, "फोटो झाला?"

मावशींनी तिला कडेवर घेतलं. सात वर्षांची मुलगी कडेवर घ्यायचं वय नव्हतं, तिचंही आणि मावशींचंही. मग फोटो पुन्हा काढला, सहा जणांचा. चिमणीचे डोळे लाल होते. मॅडमनी खाली लिहिलं: "सगळे किती तल्लीन!"

संध्याकाळी हे ऐकून यजमान म्हणाले, "फोटो काढणारा फोटोत नसतो हे ठीक आहे. पण अगं, तू तर घरातही नव्हतीस."

"टोमणे मारू नका. जागा मिळवायची आहे मला."

"मग मिळव. पण पोरं सांभाळायची का सांभाळतो ते दाखवायचं, दोन्ही एका दिवसात बसत नाही. माझ्याकडेच बघ. गिऱ्हाइकाला काम समजावून सांगत बसलो की नळ तसाच गळत राहतो."

मावशींनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. पण 'एका दिवसात बसत नाही' हे त्यांनी उचललं आणि रात्रभर उलटं करून पाहिलं. दोन्ही एका दिवसात बसत नसेल, तर दोन्हींना वेगवेगळे दिवस द्यावेत.

पुढच्या सोमवारी मुलं आली तेव्हा मावशींनी सगळ्यांच्या पिशव्यांतले जादा कपडे खाटेवर मांडून ठेवले. मुलांचे जादा कपडे त्यांच्याकडे असायचेच. कोण कधी भिजेल, सांडेल, याचा नेम नसतो. आधी चित्रकला, अंगावरच्या कपड्यांत. मग शर्ट बदलून कागदकाम. पुन्हा शर्ट बदलून वाचन, चिमणीचे केस मोकळे. मग अंगणात जाऊन बागकाम: भिंतीजवळच्या कुंडीतलं एक रोप उपटायचं आणि सहा जणांनी मिळून तिथेच लावायचं. शेवटी विज्ञान, म्हणजे पेला, पाणी, निळी शाई आणि सहा आश्चर्यचकित चेहरे. डाव्या-उजव्याच्या शर्टांची अदलाबदल केली की नवे कपडेही लागत नव्हते. जेवणाच्या आत पाच दिवस आटोपले.

वकिलाला हे पटलं नाही. "मावशी, हे खोटं आहे."

"चित्र काढलंस ना तू?"

"काढलं."

"रोप लावलंस?"

"लावलं. त्याआधी उपटलं पण मीच."

"मग खोटं काय त्यात?"

"वार."

"वार फोटोत दिसतो का कुठे?"

वकिलानं फोन हातात घेऊन खरंच तपासलं. नव्हता दिसत. "ठीक आहे," तो म्हणाला, "पण मग बाकीच्या दिवशी प्लंबर काकांचा पाइप आवळायचा पान्हा मी धरणार." असा करार झाला. मावशींनी फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. रोज चारला झाकण उघडायचं, त्या दिवसाचा फोटो पाठवायचा, झाकण लावायचं.

पान्ह्याचं असं की मुलांची नजर पहिल्या दिवसापासून त्या पेटीवर होती. पेटीत पाइपांचे तुकडे होते, वळणाचे एल्बो होते, जोडाचे सॉकेट होते, जुने नळ, रबरी वायसर, आणि टेफ्लॉनची पांढरी पट्टी, जी चुडीवर, म्हणजे पाइपाच्या आट्यांवर, गुंडाळली की गळती थांबते. यजमानांनी सकाळी कामावर जाताना दोन पाइप जोडून दाखवले आणि म्हणाले, "कोपऱ्यातल्या नळाचं पाणी त्या भिंतीपर्यंत न्या बघू. एक थेंब सांडायचा नाही." एवढं सांगून ते निघून गेले. मुलांना गुंतवण्यासाठी मावशींनी त्या उन्हाळ्यात जे काही केलं, त्यात सर्वांत जास्त दिवस टिकलं ते हे, आणि त्यात मावशींनी काहीच केलं नव्हतं.

पाणी भिंतीपर्यंत जायला पाहिजे यावर मुलांचं एकमत होतं. ते कुंडीतलं रोप दर सोमवारी उपटलं जात होतं, त्यामुळे त्याला पाण्याची गरज आहे हे ढब्बूलाही दिसत होतं. पण पाणी काही जाईना. पहिला सांधा गळायचा. तो घट्ट केला की दुसरा. मास्तरीण वहीत नकाशा काढायची, वकील तो नाकारायचा, जुळे पाइपातून एकमेकांना हाका मारायचे. मावशी पायरीवर बसून भाजी निवडत आणि मुलं मोजत. सहा. पुन्हा सहा.

आणि चिमणीला एक गोष्ट यायला लागली, जी बाकी कोणाला येत नव्हती. ती प्रत्येक सांध्याखाली बोट फिरवून कुठे गळतंय ते सांगायची. डोळ्यांना दिसायच्या आधी. "इथे," एवढंच म्हणायची. आधी एका शब्दात सांगायची, मग दोनात. तिसऱ्या आठवड्यात तिनं वकिलाला सगळ्यांसमोर सांगितलं, "तू उलटी गुंडाळतोस पट्टी. चुडी फिरते त्या बाजूनं गुंडाळायची असते. काका म्हणाले होते, तू ऐकलं नाहीस, तू बोलत होतास." वकिलानं कारण न मागता पट्टी सोडली आणि पुन्हा गुंडाळली. तो दिवस मावशींच्या लक्षात राहिला.

त्याच आठवड्यात, बुधवारी, चिमणीचा दात पडला. वरचा, समोरचा, आधीच हलणारा. टेफ्लॉनची पट्टी यजमान दातांनी तोडत, म्हणून सगळी मुलं दातांनीच तोडत. चिमणीनं पट्टी तोडली आणि पट्टीबरोबर दात हातात आला. तिनं तो नळाखाली धुतला, मावशींना दिला आणि पुन्हा पाइपाशी जाऊन बसली. मावशींनी दात कागदात बांधला आणि संध्याकाळी मॅडमच्या हातात ठेवला.

"चावताना पडला," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. काय चावताना, ते मॅडमनी विचारलं नाही. पुडी पर्समध्ये गेली.

गुरुवारी चार वाजता पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं, बागकामाचा फोटो गेला. कुंडीभोवती सहा मुलं, मधोमध चिमणी, तोंडभर हसणारी. मुलं इतकं हसत नसतात, पण सोमवारी ढब्बूनं माती चाखली होती. फोटोखाली सात अंगठे आले, दोन बदाम आले. औषधवाल्यानं लिहिलं, "वा!" मॅडमनी लिहिलं, "किती गोड हसतेय माझी बाय!"

शुक्रवारी दुपारी तीनला मुलं आडवी झाली होती. पिठाच्या डब्यात फोन वाजला, नंबर अनोळखी.

"चिमणीच्या मावशी का? मी तिच्या आईचा बाप."

"बोला ना आजोबा."

"काही नाही, एक विचारायचं होतं. बुधवारी तिचा दात पडला. फोनवर बोलली माझ्याशी, बोलताना वारा जात होता. बरोबर?"

"हो, बुधवारीच."

"मग गुरुवारी परत कसा आला?"

मावशींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या पायरीवर बसल्या.

"मुलगी मला रोजचा फोटो धाडते," आजोबा सांगत होते. "मला दुसरा उद्योग नाही, मी मोठा करून बघतो. वरचे चारही दात आहेत. चष्मा पुसून परत मोजले. बाई, चाळीस वर्षं मी गोदामात काढली. चलनावर काय लिहिलंय आणि पेटीत काय आलंय ते जुळवायचं, एवढंच माझं काम. तुमचं चलन आणि माल जुळत नाही."

"मॅडमना... सांगितलंत का?"

"तिला काय सांगू? ती त्या फोटोखाली लिहिते, किती गोड हसतेय. आणि दात हिच्याच पर्समध्ये. ते सगळं जाऊ द्या. मला एवढंच सांगा, गुरुवारी ती खरंच काय करत होती?"

मावशींनी बरंच काही ऐकायची तयारी केली होती. या प्रश्नाची नव्हती. म्हणून त्यांनी खरं तेच सांगितलं. न्हाणीघराच्या कडीपासून टेफ्लॉनपर्यंत, वकिलाला गप्प केल्यापर्यंत. आजोबा मधून मधून "हं" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे बोलते ती."

"बोलते! वकिलाला विचारा."

"माझ्याशी 'मी बरी आहे' म्हणते आणि आईकडे फोन देते." मग म्हणाले, "मी उद्या याच वेळेला केला तर चालेल?"

"उद्या शनिवार, सुट्टी असते. सोमवारी करा."

"सोमवारी नको. सोमवारी तुमचे फोटो असतील. मंगळवारी करतो."

त्या दिवसापासून मावशींकडे दोन नोंदी सुरू झाल्या. चार वाजता पालकांसाठी फोटो, तीन वाजता आजोबांसाठी काय घडलं ते. आजोबा एक रात्र आणि अर्ध्या दिवसाच्या प्रवासावरच्या गावी राहत. गुडघ्यांमुळे प्रवास बंद, तीन वर्षांत नात दोनदा दिसलेली. त्यांना बारीकसारीक सगळं लागायचं.

"आज तिनं ढब्बूला चापट मारली."

"का?"

"त्यानं वायसर तोंडात घातला होता."

"मग बरोबर केलं. वायसर निघाला का?"

"निघाला. चापटीनंच."

"पाणी कुठवर पोचलं?"

"अर्ध्या अंगणापर्यंत. तिथे थांबतंय."

"उतार दिलाय का? फरशी सपाट दिसते फोटोत. नळाकडची बाजू विटेवर चढवायला सांगा तिला. पण मी सांगितलं असं सांगू नका."

मावशींनी सांगितलं नाही. फक्त चिमणीसमोर एक वीट ठेवून दिली आणि भाजी निवडायला बसल्या. चिमणीला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पाणी भिंतीला लागलं. सगळी पोरं इतकी ओरडली की वरच्या मजल्यावरची बाई खिडकीत आली. रोप तोवर मेलं होतं. पाच वेळा लावलेलं रोप आणखी काय करणार. तरी मुलांनी त्याला आळीपाळीनं पाणी पाजलं.

त्या दिवशी आजोबांनी अर्धा तास फोन ठेवला नाही. आणि बोलता बोलता त्यांनी विचारलं, "बाई, एवढं असून तुम्ही त्या फोटोंचं लोढणं गळ्यात का घेतलंय?" मावशींनी जागेचं सांगितलं. पाचही फायदे सांगितले, जाऊबाईंचा सुद्धा. आजोबा खूप हसले. मग म्हणाले, "हं."

त्या 'हं'मध्ये काय होतं ते मावशींनी ओळखायला हवं होतं. चाळीस वर्षं गोदामात काढलेल्या माणसाला एकदा का खात्रीचा माल सापडला, की तो शिफारस केल्याशिवाय राहत नाही. रविवारी आजोबांनी मुलीला फोन लावला. म्हणाले, ती जागा दुसऱ्या कोणाला देशील तर चूक करशील. चिमणी दिवसभर काय करते हे त्या बाईला सांगता येतं, तुला येत नाही. पटत नसेल तर ऐक. आणि मग पटवून देण्यासाठी त्यांनी सगळं सांगितलं: पाइप, पट्टी, वीट, चापट. दात सुद्धा.

शेवटच्या आठवड्यात, सोमवारी संध्याकाळी, सगळी मुलं घरी गेल्यावर मॅडम आल्या. चिमणीला त्यांनी अंगणात पाठवलं आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"मावशी, बाबा म्हणाले तिला पाइप जोडता येतात."

"येतात."

"शुक्रवारी विज्ञान होतं. माझ्याकडे फोटो आहे."

"तो सोमवारचा आहे, मॅडम."

"कुठल्या सोमवारचा?"

"त्या त्या आठवड्याच्या. पहिला आठवडा सोडला तर सगळे सोमवारचेच."

मॅडमनी फोन काढला. अंगठ्यानं वर सारत सारत त्या गुरुवारच्या फोटोपर्यंत गेल्या. चिमणीचं तोंड मोठं केलं. दात पाहिला. मग फोटो लहान झाला आणि खाली त्यांनी स्वतः लिहिलेली ओळ आली. ती त्यांनी दोनदा वाचली असावी. मावशींनी दुसरीकडे पाहिलं. इतकी माणुसकी त्यांच्याकडे होती.

आता इथे मॅडमची पंचाईत समजून घेतली पाहिजे. मावशींना नावं ठेवून जागा नाकारायची तर वरती कारण द्यावं लागणार, आणि कारण म्हणजे हा फोटो. तो दाखवला की पहिला प्रश्न येणार, दात पर्समध्ये असताना आईला तोंडात कसा दिसला. चोरी उघडी करायची तर घराचं दारही उघडावं लागत होतं.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," शेवटी मॅडम म्हणाल्या.

"पहिल्या बुधवारी चिमणी वीस मिनिटं न्हाणीघरात अडकली होती. मी तेव्हा बाहेर फोटो काढत होते. ते सांगायला हवं होतं, हे खरं. पण तुम्ही लिहिलंत, सगळे तल्लीन."

अंगणातून चिमणीचा आवाज येत होता. ती वरच्या बाईला खालून पाइपांबद्दल काहीतरी समजावत होती, न विचारता. मॅडमनी थोडा वेळ तो आवाज ऐकला. असा तो त्यांनी आधी ऐकला नसावा. मग त्या सरळ बसल्या, आणि त्या पुन्हा प्रशासनात गेल्याचं मावशींना दिसलं.

"चूक तुमची नाही, मावशी. माझीही नाही. चूक पद्धतीत आहे. फोटोवर तारीख आणि वेळ छापून यायला हवी होती."

"ते येतं का तसं?"

"येतं. पाळणाघरात तसंच ठेवू. जागा तुमची. बाबांचा शब्द मी मोडणार नाही आणि तुमच्याइतकी मुलं कोणाला कळत नाहीत, ते मला मान्य आहे. फक्त प्रत्येक मुलाचे रोज तीन फोटो, वेळेसकट. त्यासाठी इस्पितळाचा फोन मिळेल. स्वतःचा फोन आत न्यायचा नाही, दाराशी जमा करायचा. नियम आहे तो, सगळ्यांनाच."

मावशींनी हिशेब केला. पाळणाघरात नावं घातलेली मुलं अठरा. फोटो चोपन्न. एका फोटोला तीन मिनिटं धरली तरी दोन तास बेचाळीस मिनिटं. "तेवढा वेळ पोरं कोण बघणार?"

"म्हणून तर मदतनीस देतोय."

यजमान दारात उभे होते. हातातला पान्हा पुसत राहिले. मावशींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. एक तारीख डोळ्यांपुढे आली, पाटी आली, जाऊबाई आल्या.

"कधीपासून येऊ?" मावशींनी विचारलं.

पाळणाघर शाळांबरोबर सुरू झालं. मदतनीस मुलगी कामाला वाघीण होती. लंगोट बदलायची, भरवायची, निजवायची, भांडणं सोडवायची. मावशी फोटो काढायच्या. तारीख, वेळ, सेकंदसुद्धा. अठरांतलीच एक चिमणी, शाळा सुटल्यावर ती तिथेच यायची आणि तिचेही तीन फोटो निघायचे. पाळणाघरात पाइप आणायची परवानगी नव्हती. मावशींनी विचारून पाहिलं होतं, लेखी.

तीन वाजता आजोबांचा फोन दाराशी जमा केलेल्या पिशवीत वाजायचा. दोन आठवडे वाजला. संध्याकाळी मावशी साडेसातला घरी पोचत आणि स्वयंपाकाला लागत. आजोबा आठला झोपत. मग एका रविवारी मावशींनीच आठवणीनं फोन केला.

"बाई! झाली का पाटी दारावर?"

"झाली. पितळी आहे. तुमच्यामुळेच."

"जाऊबाई?"

"काल पाहुण्यांना म्हणाल्या, ही आमची धाकटी, हिला घरात बसवतच नाही."

आजोबा हसले. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "गुरुवारी काय केलं हो तिनं?"

मावशींनी आठवून पाहिलं. गुरुवारी त्यांनी चोपन्न फोटो काढले होते. त्यातले दोन पुन्हा काढावे लागले होते, उजेड मागून आला म्हणून. चिमणी कुठेतरी होती, फोटोत होती.

"फोटो पाहिलात ना आजोबा?"

"पाहिला. तिसरा, चार वाजून बारा मिनिटांचा."

"हो. तोच."

"त्यानंतर?"

मावशींना सांगता आलं नाही. आजोबांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. "बरं, तब्येतीला जपा," म्हणाले आणि फोन ठेवला.

तर जमाखर्च असा. मावशींना पगार मिळाला, सुट्टी मिळाली, मदतनीस मिळाली, पाटी मिळाली आणि जाऊबाईंना नवं वाक्य शोधावं लागलं. पाचही रकमा चोख जमा. मॅडमना वरती दाखवायला फाइल मिळाली, एकही चुकीची तारीख नसलेली. औषधवाल्यापासून सगळ्या पालकांना रोजचे तीन फोटो मिळाले, आणि ते अंगठे देत राहिले. मदतनीस मुलीला अठरा पोरं मिळाली. किंमत भरली ती एकट्या आजोबांनी, ज्यांनी त्या जागेसाठी शब्द टाकला होता. ते अजूनही रोजचे तिन्ही फोटो मोठे करून बघतात, आणि चलन आणि माल आता तंतोतंत जुळतो.